नाचणीवर पुढची, कुळथावर मागची

मला बाब आठवतात ते पायांनी. तोंड मागाहून येतं. गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय, टाचा फुटलेल्या, आणि डाव्या पायाचा अंगठा सारखा हलता. अंगठा हलतोय म्हणजे काम बरं चाललंय. थांबला म्हणजे काहीतरी अडलं. अडलेलं असताना हाक मारायची नाही. पेज थंड होऊन वर साय धरली तरी मारायची नाही.

मुळगावात त्यांच्या आवारातल्या खोलीत मी बावीस वर्षं काढली. घर त्यांचं, खोली माझी, आणि मधे शेड. शेडमध्ये ती गाडी. सगळं गाव त्यांना बाब म्हणायचं, मीही तेच म्हणायची. खाणीच्या वर्कशॉपात ते फिटर होते. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "चार असत ना घरात. त्यांचाच एकमेकींशी पटत नाय, पाचवी खंय हाडू?"

चार म्हणजे गाडीची चार चाकं. त्यांना ते सुना म्हणायचे. पुढची डावी भांडखोर, पुढची उजवी आळशी, मागच्या दोघी बऱ्या पण कुचक्या.

गाडी पोर्तुगीजांच्या वेळची, एका भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. भाटकार पोर्तुगालला गेला, तेव्हा चावी बाबांच्या बापाकडे देऊन गेला, येईपर्यंत सांभाळ म्हणून. तो काही आला नाही. बाप गेल्यावर चावी बाबांकडे आली. पण बाबांनी गाडीला कधी आपली म्हटलं नाही. मागच्या सीटवर पांढरी चादर घालून ठेवायचे. तिथे बसायचं नाही, पिशवीसुद्धा ठेवायची नाही. भाटकाराची जागा ती. मांजर एकदा तिथे व्यालं, तेव्हा पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत बाबांनी गाडी काढली नाही. मला म्हणाले, "भाटकाराक पत्र घालूक होया. पाहुणे इलेत म्हणून सांगूक."

बाब गेले त्याला आता चार वर्षं झाली. ते हसायचे कमी. पण त्यांचं बोलणं ऐकून दुसऱ्याला हसू यायचं आणि त्यांना कळायचं नाही, का हसतात ते.

गाडी ते बैलगाडीसारखी चालवायचे. आमच्या गावच्या म्हशी पुढे निघून जायच्या. लोक सांगायचे, "बाब, नवे ब्रेक बसवा, तेलाचे. हल्ली सगळ्यांक तेच असतत." त्यावर बाब म्हणायचे, "तेल एके ठिकाणी गळला की चारी चाकां मोकळी. माझी एक सळी तुटली तर तिघी धरतत."

आता ब्रेक म्हणजे काय ते मला त्यांच्यामुळे कळलं, म्हणून सांगते. त्या गाडीच्या ब्रेकात तेल नव्हतं. पायाखालच्या पट्टीपासून लोखंडी सळ्या निघायच्या, प्रत्येक चाकाला एक. पाय दाबला की सळी ओढली जायची आणि चाकाच्या पोटातल्या दोन कमानी फाकून घट्ट चिकटायच्या. पण इतक्या वर्षांत जोड झिजले होते, पिना झिजल्या होत्या, त्यांची भोकं लांबुडकी झाली होती. त्यामुळे एक चाक आधी धरायचं, दुसरं मागाहून, आणि गाडी सरळ थांबायची सोडून रस्त्याकडेच्या दगडी गडग्याकडे वळायची. म्हणून दर महिन्याला ते ब्रेक पुन्हा लावायला लागायचे. एकादशीला लावायचे. पोट रिकामं असलं की गाडीखाली मावतं, असं त्यांचं म्हणणं.

मी त्या आवारात आले तेव्हा लेक दोन वर्षांची होती. माझा नवरा खनिजाच्या ट्रकावर डायवर होता. उतरणीवर ब्रेक गेले, त्यात तो गेला. सांगायला आलेल्या माणसांनी जीप आणली होती. मी जीपमध्ये चढले नाही, चालत गेले. लेक काखेला होती. त्या दिवसापासून चाकं असलेल्या कशातच मी चढले नाही. बसमध्ये नाही, रिक्षात नाही. रडत बसायला सवड नव्हती. खाणीवर पाट्या वाहिल्या, दुसऱ्याच्या शेतात लावणी केली, कापणी केली, लोकांची भांडी घासली. जिथे जायचं तिथे चालत गेले. चालून होत नाही तिथे गेलेच नाही.

तिथे राहायला येऊन महिना झाला असेल. मी आवार झाडत होते. गाडी चार लाकडी ओंडक्यांवर चढवलेली, चाकं जमिनीपासून वर. खालून आवाज आला, "कोण गो ती? जरा पुढचा चाक फिरव बघू."

मी म्हटलं, "माका गाडीतला कळत नाय."

"गाडीत बस म्हणून सांगलंय काय? चाक फिरव म्हटलंय."

ब्रेकची पट्टी त्यांनी काठी लावून थोडी दाबून ठेवली होती. मी केरसुणी टाकली आणि चाकाला हात घातला.

"कसा लागता?"

"जड."

"किती जड?"

आता किती जड ते कसं सांगायचं? मी शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. म्हटलं, "जात्यावर नाचणी दळताना लागता तितक्या."

पायाचा अंगठा थांबला. मग बाब गाडीखालून सरपटत बाहेर आले. तोंड सगळं काळं. माझ्या हाताकडे बघत बसले. म्हणाले, "आणि मागचा?"

मी मागचं फिरवलं. "हेका काय नाय. रिकामा जाता फिरता तसा."

त्यांनी खाली जाऊन चौकोनी नट पान्याने फिरवला. "आता?"

"आता तांदूळ."

"आता?"

"आता कुळीथ. भाजलेलो."

"थांब, थांब. तोच बरोबर."

त्या दिवसापासून ते मोजमाप ठरलं. पुढची दोन चाकं नाचणीवर, मागची दोन कुळथावर, म्हणजे जरा जास्त जड. मागच्यांनी जरा आधी धरायचं असतं, नाहीतर पुढची रुतली की गाडी वळायला ऐकत नाही. त्यांची बोटं साखरेच्या आजाराने बधिर व्हायला लागली होती. लोखंड गरम की गार तेही कळेना, मग चाकाचा जडपणा कुठून कळणार? माझ्या हाताला कळायचा. लहानपणी माहेरी सासोलीला आईबरोबर रोज पहाटे जात्यावर बसलेले हात ते.

कामाचा निकाल ते दुसऱ्या दिवशी, उपास सुटल्यावर, पेजेवर लावायचे. मी केलेली पेज वाडगाभर घ्यायचे, पुढच्या सीटवर ठेवायचे, शेताकडच्या सपाट रस्त्यावर गाडी न्यायचे आणि एकदम ब्रेक दाबायचे. पेज सरळ पुढे सांडली तर काम बरोबर. डावीकडे-उजवीकडे सांडली तर कोणीतरी सून आधी धावली. परत यायचे, वाडग्यातली उरलेली पेज पिऊन टाकायचे आणि पुन्हा गाडीखाली. सीट पुसायचं काम माझं. मी एकदा म्हटलं, "बाब, पाण्यान नाय जमणार काय?" तर म्हणाले, "पाणी खंयही धावता. पेजेक वजन असता, ती खोटा सांगणा नाय."

एकदा मी चूक केली ती सांगायला हवी. चारी चाकांचे ब्रेक फार ओरडायचे. डुकराचं पिल्लू पकडल्यासारखे. मला तो आवाज सहन व्हायचा नाही. बाब पेठेत पिना करून आणायला गेले होते, चारी चाकं उघडी पडली होती. माझ्या घरातल्या दाराचं बिजागर कुरकुरलं की मी खोबरेल सोडायची. तसंच केलं. चांगलं पळी-पळीभर खोबरेल चारी चाकांच्या कमानींवर ओतलं आणि हाताने चोळलं. ते आल्यावर सांगायचं राहून गेलं.

संध्याकाळी बाब पेजेचा वाडगा ठेवून निघाले. आवाराच्या उतारावर ब्रेक दाबले. पेज सांडलीच नाही. गाडी शांतपणे जाऊन शेजाऱ्याच्या शेणाच्या खड्ड्यात बसली. मी धावत गेले. बाब आत वाडगा हातात घेऊन बसलेले. चाकाचा वास घेतला आणि म्हणाले, "न्हाऊक घातलंस काय गो सुनांक?"

मला वाटलं आता खोली सोडायला सांगतात. पण ते रागावले नाहीत. बोट दाखवून समजावलं, "हय खरबरीत होया. खरबरीत असला की धरता. गुळगुळीत झाला की संपला." मग त्या कमानी काढून दोन दिवस पेट्रोलने धुतल्या, चुलीवर भाजल्या. शेडमध्ये आठवडाभर खोबरं भाजल्याचा वास. लेक येऊन विचारायची, "आई, गोड काय करतंस?"

लेक त्यांच्याच अंगणात मोठी झाली. त्यांनी तिला कधी कडेवर घेतलं नाही. तिच्याशी बोलायचे ते मोठ्या माणसाशी बोलल्यासारखं. ती पाच वर्षांची असताना तिला विचारलं होतं, "तुझा काय मत, हो कमानीवरचो लायनर अजून सहा महिने काढीत?" तिने गंभीरपणे मान हलवली होती. सहा महिने काढले त्याने.

तिचं लग्न देवळाच्या मंडपात झालं, पण वऱ्हाड आमच्या आवारात उतरलं. वाजंत्री आली तशी बाब गाडीखाली गेले. गर्दी त्यांना सोसत नसे. विहीणबाई पानसुपारी खात शेडजवळून गेल्या, त्यांना दोन पाय दिसले. "कोण मेलोबिलो नाय मां?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाय, ब्रेक लावतत."

लेक दिली तेरेखोलला. नदीच्या पलीकडे. केरीला जायचं, तिथून फेरीबोट. आरोंद्याकडे पूल आहे, पण वळसा मोठा. मुळगावाहून सगळं मिळून दिवस मोडतो. मी गेले नाही. तीन वर्षं गेले नाही. लेकच यायची. सासू तिला बोलायची. तशी बाई वाईट नव्हती, पण बोलायची. "आवशीक तुझ्या आमचा घर बघूचा नाय? आमी काय वाईट लोक?" लेक मला हे सांगायची नाही, पण फोनवर आवाज कळतो.

त्या तीन वर्षांत तिची दोन पोरं पोटातच गेली. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी तिला पाठीवर झोपवलं, उठायचं नाही म्हणून सांगितलं. माहेरी आणायचा प्रश्नच नव्हता. तिने फोन केला. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "आई, तू ये गो. माका भंय दिसता." एवढंच. फोन ठेवला.

मी पिशवी भरली. दोन लुगडी, मेथीचे लाडू, कुळथाची पिठी. बाब दारात उभे.

"कशी जातलंस?"

"चालत."

"तेरेखोलाक?"

"दोन दिवस लागतीत."

"बस असा."

"माका ठावक असा."

मग म्हणाले, "मी सोडतंय."

मी म्हटलं, "बाब, तुमका सगळा ठावक असून असा काय बोलतास?"

ते शेडमध्ये गेले, ओंडके बाहेर काढले, जॅकने गाडी उचलून त्यांच्यावर चढवली, चारी चाकं वर. एकादशी नव्हती. पट्टीला काठी लावली आणि खाली सरकले. खालून म्हणाले, "मी सांगतंय म्हणून बसू नको. तुझ्या हातान ब्रेक लाव. तुझा मन भरला तर बस. नाय भरला तर मी तुझ्यावांगडा चालत येतंय."

साठी उलटलेला माणूस, साखरेचा आजार, तो तेरेखोलला चालत येणार.

सकाळी सुरू केलं. एक चाक लावून झालं की मी दुसरं धरायची आणि पुन्हा पहिल्याकडे यायची. "जरा सैल वाटता." ते नट फिरवायचे. "आता घट्ट." पुन्हा फिरवायचे. मला ठाऊक होतं की केव्हाच बरोबर झालंय. त्यांनाही ठाऊक असणार. पण एकदासुद्धा ते म्हणाले नाहीत की पुरे. जेवण झालं नाही. पेज केलीच नव्हती. उन्हं उतरली तेव्हा मी डाव्या पुढच्या चाकाला हात लावून उभी होते आणि सांगायला काही उरलं नव्हतं.

म्हटलं, "झाला."

"खरा?"

"होय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या सीटवर बसले. डोळे मिटून घेतले. अस्नोड्यापर्यंत डोळे मिटलेले. वाटेत कुठे उतार आला की बाब आधी सांगायचे, "आता उतार." मग गाडी पहिल्या गियरात टाकायचे आणि ब्रेक दाबायचे. गाडी थांबल्यासारखी व्हायची. "आता संपलो." कोलवाळच्या पुलावर मी डोळे उघडले. नदी दिसली. पेडण्याला एका हॉटेलासमोर त्यांनी गाडी लावली, चहा आणि उंडे, म्हणजे गोल पाव, घेतले. मी गाडीतून उतरले. उंडा चहात बुडवून खाल्ला. चांगला लागला.

केरीला धक्क्यावर आलो आणि मला खरी भीती वाटली. धक्का उतरता, थेट पाण्यात जाणारा. खाली फेरीबोट लागलेली, तिची लोखंडी फळी धक्क्यावर टेकलेली, आणि दोन्हींच्या मधे पाणी खळखळतंय. मी म्हटलं, "मी हय उतरतंय बाब. बोटीतून चालत जातंय. तुमी परता."

"आणि पलीकडे? चालत जाऊन लेकीच्या दारात उभी रवतलंस? तीन वर्सांन येतंस. तिची सासू काय म्हणात?" ते समोर बघत होते. "दारात गाडी लागूक होयी."

हे त्यांनी कधी ठरवलं होतं, मला माहीत नाही.

मग त्यांनी हॅण्डब्रेक ओढून गाडी धक्क्याच्या तोंडावर उभी केली आणि म्हणाले, "पण माझो पाय आता पुरत नाय. उतारावर माझ्या एकट्याच्यान धरवना नाय. ह्यो दांडो त्याच सळ्यांक जोडलेलो असा. मी सांगतंय तेव्हा ओढ. दोन्ही हातांनी."

दार माझ्या बाजूला होतं. उतरता आलं असतं. पण मी उतरले असते तर ते एकटे खाली गेले असते. तो माणूस परत फिरणारा नव्हता.

बोटीवरचा माणूस हात हलवत ओरडला, "येवं दी! येवं दी!"

बाबांनी दांडा सोडला. गाडी घरंगळली. त्यांचा पाय पट्टीवर, मांडी थरथरत होती. "ओढ."

मी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि ओढला. त्या लोखंडातून माझ्या मुठीत चारी चाकं आली. कुळीथ लागला, मग नाचणी लागली. सैल सोडला की गाडी सरकायची, ओढला की राहायची. पुढची चाकं फळीवर चढली, पाणी उडालं. "आणखी," बाब म्हणाले. मी दात खाऊन ओढला. गाडी बोटीच्या मधोमध उभी राहिली. बोटीवरचा माणूस म्हणाला, "बायच डायवर दिसता!"

माझ्या हाताला दांड्याचे वळ उठले होते. मी पदराखाली लपवले.

तेरेखोलला लेकीच्या अंगणात गाडी शिरली तेव्हा विहीणबाई दारात आल्या. मला गाडीतून उतरताना बघितलं. मग बाबांकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. मी विधवा बाई, परक्या माणसाशेजारी पुढच्या सीटवर. आत माझी लेक झोपलेली, तिला ह्याच घरात दिवस काढायचे.

"ह्ये कोण तुमचे?" त्यांनी विचारलं.

माझ्याआधी बाबच बोलले. "मी डायवर, बाय. मी भायरच थांबतंय." आणि माडाच्या मुळाकडे जाऊन खरंच डायवरासारखे उभे राहिले, हात मागे बांधून.

मी गप्प राहिले असते तर कोणी काही म्हटलं नसतं. सगळं नीट झालं असतं.

मी म्हटलं, "डायवर खंयचे? माझो थोरलो भाव तो."

विहीणबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "भाव? लग्नात नाय दिसले ते."

"होते की. तुमी त्यांचे पाय बघितलात."

त्यांना जरा वेळ लागला. मग तोंडावर हात गेला. "गाडीखाली? ते? भाचीच्या लग्नात मामा गाडीखाली?"

"ब्रेक सैल होते," माडाखालून बाब म्हणाले.

विहीणबाई हसायला लागल्या ते थांबेनात. आणि आतून लेकीचा आवाज आला. लहानपणापासून त्यांना बाब म्हणणारी ती. "मामा, भायर कित्याक उभे? आत येवा मरे!"

बाबांनी आपल्या हातांकडे बघितलं. काळे झालेले. सदऱ्याला पुसले, सदरा काळा झाला. वाकून आत आले. लेकीच्या खाटेशी उभे राहिले आणि त्यांना काय बोलावं सुचेना. म्हणाले, "ताप बीप नाय मां?" ती म्हणाली, "नाय मामा." "बरा," म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

दुपारी जेवून ते निघाले. मी निक्षून सांगितलं, "एकट्यान फेरीर चढूचा नाय. आरोंद्याकडून पुलावरसून जावा." त्यांना मी कधी अशी हुकूम दिल्यासारखी बोलले नव्हते. त्यांनी ऐकलं. वळसा पडला, पण पुलावरून गेले.

मी तिथे चार महिने राहिले. मुलगी झाली. वजनाला हलकी, पण रडायची ती नदीपलीकडे ऐकू जाईल अशी. आता शाळेत जाते. दिवाळीच्या आधी मी मुळगावला परत आले. बसने आले. फेरीवर, मग केरीला बस, मग पेडण्याला बस. खिडकीचा गज धरून, पण आले.

त्या चार महिन्यांबद्दल बाब काही बोलले नाहीत. मीही भाऊ म्हटल्याचा विषय काढला नाही. वाटलं, वेळ पडली म्हणून बोलले, संपलं.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी दार उघडलं तर ते माझ्या पायरीवर बसलेले. केस ओले, पांढरा सदरा, घडीच्या रेघा अजून तशाच. नखं घासून घासून लाल केलेली.

"काय बाब?"

"बसलंय."

"कामाक जातास काय खंय?"

"आज खंय जातले?" मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "परक्यांच्या दारात तोंड भरून भाव म्हणूचा आणि आपल्या दारात विचारूचा, काय बाब."

मी म्हटलं, "विधवेन ओवाळूचा नसता."

"कोणी सांगला?"

कोणी सांगितलं ते मला आठवेना. आत गेले. पाट मांडला, ताटात दिवा लावला, कुंकू काढलं. घरात कुंकू होतं ते लेकीचं. ते पाटावर बसले, पण हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग पाठीमागे, मग पुन्हा मांडीवर. मी कपाळाला टिळा लावला. ओवाळलं. ते दिव्याकडे बघत राहिले, पापणी हलवली नाही.

ताट खाली ठेवलं तरी ते उठले नाहीत. मग विचारलं, "हेच्यानंतर भाव काय करता?"

म्हटलं, "जेवता."

त्यांनी पाट चुलीजवळ ओढला.